पुरातलं शून्य

"पूर असताना खांबावर शून्य रंगवू नका," असं डॉक्टर मालगावेबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा शलाका चेलूच्या टोपीची नाडी बांधत होती.

भाद्रपदाचे दिवस होते. कृष्णेला पाणी आलेलं, आणि अख्खी सांगली दर तासाला फोनवर आयर्विन पुलाची पातळी बघत होती. त्यामुळेच बाईंना तसं बोलायचं सुचलं असावं. त्यांच्या टेबलावर 'जाण' नावाच्या नव्या यंत्राचं खोकं उघडं पडलं होतं. खोक्यात नखाएवढ्या तीन पट्ट्या: एक पाच महिन्यांच्या चेलूसाठी, एक शलाकाच्या नवऱ्यासाठी, श्रेणिकसाठी, आणि एक त्याच्या मोठ्या बहिणीसाठी, त्रिशलाताईंसाठी.

"ही पट्टी दुखणं मोजत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "तुमच्या नेहमीपेक्षा काय वेगळं झालंय, तेवढंच मोजते. बाळाला लाव खुशाल. नणंदेची मात्र थांब जरा. आधी त्यांना माझ्याकडे आण, मी बघते."

"हो हो, आणते की," शलाका म्हणाली. चेलू रडायच्या बेतात होती, रिक्षा खाली उभी होती, आणि बाई प्रत्येक गोष्टीत 'आधी मी बघते' म्हणतात हे तिला ठाऊक होतं. घरी पोचल्यावर तिनं तिन्ही पट्ट्या तिघांच्या कानांमागे चिकटवून टाकल्या.

पट्टीचं तंत्र तिनं मन लावून वाचलं होतं. बी.एस्सी. झालेल्या बाईला माहितीपत्रक पाठ करायला वेळ लागत नाही. ठेच लागली की पायाचा निरोप कण्यातून वर जातो आणि मेंदूतल्या पाच-सहा जागा एकदम जाग्या होतात. त्या जाग्या होण्याची विजेची एक चाल असते, आणि जाण ती कानामागच्या हाडावरून ऐकते. पण ही चाल प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी. म्हणून पहिला पंधरवडा ओळखीचा. त्या दिवसांत दुखलं की पट्टीवर बोटानं टिचकी मारायची. बाळासाठी ती आईनं मारायची. टिचकी नसेल तो सगळा वेळ 'बरा' असं समजून पट्टी त्यालाच शून्य धरते. मग पुढे कायम फोनवर एक ठिपका आणि एक आकडा. तीनपर्यंत हिरवा, त्याच्या वर पिवळा, सातच्या वर लाल.

शलाकाला ते यंत्र आपल्यासाठीच काढलंय असं वाटलं. चेलू झाल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाळ रडलं तर का रडलं, आणि नाही रडलं तर का नाही, या दोन टोकांमध्ये तिचा दिवस जायचा.

त्रिशलाताई चव्वेचाळीस वर्षांच्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि भावाच्या घरात त्यांची खोली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांना चिकुनगुन्या झाला. ताप आठवड्यात उतरला, पण सांध्यांतलं दुखणं काही गेलं नाही. सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल.

"डास बिचारा कधीच मेला असेल," ताई म्हणायच्या. "त्याचं काम अजून चालू आहे."

कोपरगावहून सून म्हणून आलेल्या शलाकाला मगदूमांच्या घरच्या दोन गोष्टींची सवय व्हायला वेळ लागला होता. एक म्हणजे इथल्या बायका 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात. आणि दुसरी म्हणजे पर्वाचे दहा दिवस. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं की या जैन घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या ऐपतीप्रमाणे काही नियम धरतं. कुणी एकवेळ जेवतं, कुणी मीठ सोडतं. ताईंनी एका वर्षी साखर सोडली होती, एका वर्षी मालिका. "मालिका जास्त जड गेल्या," असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षीचं पर्व पट्ट्या लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झालं.

"या खेपेला काय सोडलंत?" शलाकानं विचारलं होतं.

"कुरकुर. दहा दिवस या देहाबद्दल तक्रारीचा एक शब्द काढणार नाही."

"आणि टिचकी? दुखलं की मारायची असते."

"ती तक्रारच की. बोटानं केली म्हणून काय झालं?"

शलाका हसली होती. खरं सांगायचं तर तिला जरा हलकंही वाटलं होतं. दिवसभर ती घरून एका ऑनलाइन दुकानाच्या तक्रार विभागाचं काम करायची. कानाला हेडफोन लावून लोकांचे फुटलेले मिक्सर आणि चुकीच्या मापाच्या चपला ऐकायची. घरात एक तक्रार कमी झाली, तर तिला ती हवीच होती.

ताई दहा दिवस रोज पहाटे जिने उतरून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या, अभिषेकाला उभ्या राहिल्या, रात्री भिंतीला धरून खोलीत गेल्या. टिचकी एकही नाही. उरलेले चार-पाच दिवसही तशीच सवय राहिली. पंधरवडा संपल्यावर फोनवर ठिपका उमटला. ताई: शून्य. हिरवा.

"बघा," शलाका म्हणाली. "नियमाचा गुण आला."

ताईंनी चष्मा वर करून आकडा वाचला. "मग हे गुडघे कुणाचे आहेत?" एवढंच म्हणाल्या.

*

वर्ष सरायच्या आत जाण सगळीकडे झाली. तिनं कितीतरी लोकांचं भलं केलं, हेही सांगायला हवं. बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्यांचं दुखणं नर्सला कळू लागलं. चेलूचा कान पिकला होता, तेव्हा ती रडायच्या आतच ठिपका पिवळा झाला. मालगावेबाईंनी कानात बघून मान डोलावली, आणि शलाकानं त्या दिवसापासून फोन उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली. चेलू शून्य, श्रेणिक दोन, ताई एक. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, गिऱ्हाइकाशी बोलताना तिचं बोट पडद्यावरून फिरायचं. चेलू शून्य, श्रेणिक दोन, ताई एक.

पण आकडा हाताशी आल्यावर माणसाला विचारायचं काम उरलं नाही. ताईंनी शाळेत तळमजल्यावरचा वर्ग मागितला. मुख्याध्यापिकेनं प्रेमानं चहा दिला आणि ठिपका बघायला मागितला. एक. "मगदूम मॅडम, सात आकड्याच्या दोघी आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं. औषधांच्या दुकानातही दुखण्याची जोरदार गोळी चारच्या वर आकडा असेल तरच मिळू लागली. दुकानदारानं ताईंची चिठ्ठी परत केली. "बाई, चांगलीच बातमी आहे की," तो म्हणाला.

ताईंनी नोकरी सोडली. चेलूला सांभाळायला घरी माणूस हवंच होतं, त्यामुळे कुणी फार विचारलं नाही.

पहिल्या महिन्यात त्या दोनदा बोलल्या. एकदा श्रेणिकशी, एकदा शलाकाशी. दोन्ही वेळा समोरच्यानं आधी फोन बघितला. मग त्यांनी बोलणं थांबवलं, आणि शलाकाला वाटलं, आता खरंच बरं असेल.

*

मगदूमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं. त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर स्वयंपाकघरात पळापळ असायची. मार्चमधला एक दिवस. कुकर गॅसवर, चेलू नखशिखांत खिमटीनं माखलेली, आणि शलाकाच्या हेडफोनमध्ये जळगावच्या एका गृहस्थांचा पंखा उलटा फिरत होता.

"शलाका, आज हिला तू धू," ताई दारातून म्हणाल्या. "माझ्या मनगटात आज काही नाही."

शलाकानं माइक बंद केला. फोनकडे बघितलं. एक. हिरवा.

"ताई, एकच दाखवतंय. दोन तांबे घाला फक्त, मी आलेच."

ताई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या.

आवाजाच्या आधी ठिपका लाल झाला. चेलू: आठ. शलाका न्हाणीत पोचली तेव्हा टब कलंडला होता आणि चेलू ठसकत होती. भुवईवर टेंगूळ येत होतं. ताई ओल्या फरशीवर बसल्या होत्या. त्यांनी पोरीला दोन्ही कोपरांत धरून छातीशी आवळलं होतं. कोपरांत धरलं होतं, कारण बोटं मिटत नव्हती. ती अर्धवट उघडी बोटं शलाकाला दिसली. तेव्हा मात्र तिचं सगळं लक्ष टेंगळाकडे होतं.

डोळा वाचला होता. नाकातोंडात पाणी थोडंच गेलं होतं. चेलू तासाभरात हसायलाही लागली. शलाका मात्र तिला खाली ठेवेना.

"दुखत नव्हतं, मग सुटली कशी?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"दुखत होतं."

शलाकानं फोन ताईंच्या तोंडासमोर धरला. "हे बघा. पट्टी खोटं बोलत नाही."

ताईंनी आकडा वाचला. फळ्यावर एखाद्या मुलीनं चुकवलेलं गणित वाचावं, तसा. "उत्तर चुकलंय," त्या म्हणाल्या. "पडताळा कुणी घेतला नाही, इतकंच."

पुढच्या आठवड्यात ताईंनी मिरजेला एक खोली घेतली. शिकवण्या मिळाल्यात, जाण्या-येण्याचा त्रास नको, असं कारण दिलं. श्रेणिक "कशाला गं ताई" असं दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला असता तर त्या थांबल्या असत्या, असं शलाकाला नंतर कितीतरी वेळा वाटलं. ती स्वतः एकदाही म्हणाली नव्हती.

फोनवर ठिपका मात्र राहिला. ताई: एक. हिरवा. दिवसातून वीसदा बघायचं आणि वीसदा जीव भांड्यात पडायचा. ताईंना फोन करायचं तेवढं राहून जायचं.

*

पुन्हा भाद्रपद आला. पर्वाचे दहा दिवस संपले आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला.

क्षमावाणीला लोक एकमेकांसमोर हात जोडतात, 'उत्तम क्षमा' म्हणतात, आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागतात. आता बहुतेकजण फुलांचं चित्र पाठवून मोकळे होतात. त्रिशलाताई तसं कधी करत नसत. त्या सकाळी अंघोळ करून फोन घेऊन बसायच्या, आणि त्यांचा एक क्रम ठरलेला होता: ज्याच्याशी वर्षात सगळ्यांत मोठं भांडण, त्याला पहिला फोन. एका वर्षी तो मान इमारतीच्या वॉचमनला मिळाला होता, एका वर्षी शिक्षणाधिकाऱ्यांना.

या वर्षी पहिला फोन आपलाच, याबद्दल शलाकाला शंका नव्हती. सकाळपासून तिनं फोन हातातून खाली ठेवला नाही. काय बोलायचं तेही मनात घोळवून ठेवलं. पण फोन आला नाही.

"तुला आला?" तिनं श्रेणिकला विचारलं.

"नाही बा. बस्तीत गेली असेल." त्यानं बूट घालता घालता पडदा बघितला. "एक आहे. हिरवा. बरी आहे की."

"फोन केल्याशिवाय राहणाऱ्या बाई नाहीत त्या."

"राग असेल."

"राग असला की आधी करतात. तुझ्याच बहिणीबद्दल तुला मी सांगू?"

त्यानं दुसरा बूट घातला. शलाकानं स्वतः फोन लावला. पूर्ण वेळ वाजला आणि बंद पडला. पुन्हा लावला. तेच.

त्या दिवशी चेलूला पट्टी बदलायला न्यायचं होतं. दीड वर्षाच्या मुलांसाठी थोडी मोठी निघाली होती. मालगावेबाईंनी पोरीचे कान बघितले, हिरड्यांवर बोट फिरवलं.

"दाढ येतीय. मग आज नको लावू. पूर असताना..."

"खांबावर शून्य रंगवू नका," शलाका बोलून गेली.

ते आपण इतकं नीट ऐकलं होतं, हे तिला आत्ताच कळलं.

"आठवतंय म्हणजे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगते मी. ऐकतंय कोण?"

"बाई, एखाद्या मोठ्या माणसानं ओळखीच्या पंधरवड्यात टिचकीच मारली नाही, तर?"

"दुखत असून?"

"असून."

बाईंनी चेलूच्या हातातला बॅटरीचा टॉर्च सोडवून घ्यायचा प्रयत्न थांबवला. "मग ते दुखणंच त्याचं शून्य झालं. पुलाच्या खांबावर कोरड्या नदीत शून्य रंगवलं, तर पूर आला की आकडा चढतो. भर पुरात रंगवलंस, तर निम्मं गाव पाण्याखाली असलं तरी खांब म्हणणार शून्य. वर आणखी दोन फूट चढलं तर म्हणणार दोन."

"पण रिपोर्ट नॉर्मल होते. ताप गेला होता."

"जुनं दुखणं म्हणजे नुसती लांबलेली ठेच नव्हे गं. निरोप नेऊन नेऊन त्या नसाच हळव्या होतात, कण्यात आणि मेंदूतही फरक पडतो. कारण संपतं आणि निरोप चालूच राहतो. साधा स्पर्शही दुखतो, झोप मोडते, हातातला जोर जातो. रक्त तपासून ते दिसत नाही. म्हणजे नसतं असं नाही. तुझ्या नणंदेबद्दल बोलतीयस ना?"

शलाकानं फोन उघडला. ताई: दोन. हिरवा.

सकाळी एक होता. एकावरून दोनवर गेला होता. त्याच्याखाली किती पाणी आहे, ते त्या ठिपक्याला माहीत नव्हतं.

"त्यांना तपासायला आण असं मी म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड गेलं.

*

सांगली-मिरज रस्त्यावर त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल होता. रिक्षात चेलू 'आतू, आतू' करत होती, कारण ती मिरजेच्या दिशेला बोट दाखवलं की आत्याचं नाव घ्यायला शिकली होती. शलाकाचं बोट सवयीनं पडद्याकडे जायचं. दोन. हिरवा. ती फोन पिशवीत टाकायची आणि पुन्हा काढायची. ताईंना लागलं असेल का. पडल्या असतील का. किंवा तसलं काही, जे मनात आणायचंही नाही, ते. रिक्षावाल्याला तिनं दोनदा विचारलं, "दुसरा रस्ता नाही का?" दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, उडवतो म्हटलं तर उडणार नाही ही."

ताईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीण, अक्काताई, खाली पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. एकट्या राहणाऱ्या भाडेकरूनं आपला ठिपका मालकाला दाखवायचा, अशी आता रीत पडली होती.

"ताई आहेत का वर?"

"असतील की. लई शांत बाई. परवापासनं तर आवाजच नाही बघा." अक्काताईंनी पदराआडून फोन काढला. "हिरवं दिसतंय न्हवं, म्हणून मी बी वर गेलो नाही. माझं बी गुडघं धरल्यात."

शलाका चेलूला कडेवर घेऊन जिना चढली. दार नुसतं लोटलेलं होतं. कडीला कापडाचा एक फास बांधला होता. बोटं न मिटता मनगट अडकवून कडी ओढता यावी, म्हणून.

"ताई?"

तिनं कडी वाजवली. मग आतून, खालून कुठून तरी, "उघडं आहे. ये."

ताई जमिनीवरच्या गादीवर कुशीवर पडलेल्या होत्या. डोळे उघडे होते, ओठ सुकलेले. शेजारी पाण्याचा तांब्या लवंडला होता, त्याचा डाग वाळून गेला होता.

शलाकानं आधी पाणी दिलं, चमच्यानं. घाईत निम्मं उशीवर सांडलं. मग ती तिथंच जमिनीवर बसली, आणि चेलू आत्याच्या पोटाशी जाऊन लवंडली. ताईंच्या अंगातून एक कळ गेली, ती या खेपेला शलाकाला दिसली. कुठल्याही पडद्याशिवाय दिसली. ताईंनी पोरीला दूर केलं नाही.

"पहिला फोन तुलाच करायचा होता," ताई म्हणाल्या. "टेबल लांब गेलं."

फोन टेबलावर, चार हातांवर होता.

"कधीपासून?"

"परवा बस्तीतून आलो. जिना चढलो, पडलो, परत उठणं झालं नाही. होतं असं अधूनमधून. दोन दिवसांत सुटतं."

"अधूनमधून?"

शलाका खोलीभर बघत राहिली. बघण्याचीच तर तिला सवय होती. डब्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली, एकही फिरवून बसवलेलं नाही. नळाला लांब लाकडी पळी बांधलेली, कोपरानं ढकलायला. दुधाची पिशवी दातांनी फाडलेली. कपड्यांतलं एकही बटणाचं नाही. सगळं समोर मांडलेलं होतं, आणि गेल्या सहा महिन्यांत या खोलीत कुणी डोकावलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं की." ताईंचा आवाज साधा होता. "तू पट्टीला विचारलंस."

चेलू 'आतू, आतू' करत होती. मग शलाकानं हात जोडले. शब्द पाठ होते, पण बाहेर येताना त्यांचा क्रम बिघडला. "ताई, उत्तम क्षमा. त्या दिवशी न्हाणीत मी... तुमची बोटं मी बघितली होती."

"माझी पण क्षमा. पोर माझ्याच हातून सुटली. आणि टिचकी मारली असती तर हे रामायण झालं नसतं. सोडायची होती कुरकुर, मी खरं बोलणंच सोडून बसलो." त्या जराशा हसल्या, आणि हसण्याचंही त्यांना दुखलं. "गणिताच्या बाईनं शून्यच चुकवलं."

शलाकानं त्यांच्या कानामागे नख घातलं. "काढू?"

"काढ बाई. वर्षभर खाजतीय."

*

ताई सांगलीला परत आल्या, पण एका अटीवर. "पट्टी नको. आणि 'दुखतंय का' असं विचारायचं नाही. ते विचारलं की माझ्या तोंडातून 'नाही' येतं. लहानपणापासनं तेच वळण आहे."

"मग विचारू काय?"

ताईंनी विचार केला. "आज काय राहिलं, ते विचार. त्याला खोटं उत्तर देता येत नाही."

पट्टी नव्यानं शिकवता येईल का, असं शलाकानं मालगावेबाईंना विचारून बघितलं. येणार नव्हती. शून्य रंगवायला कोरडा दिवस लागतो, आणि ताईंना तसा दिवसच नव्हता. बाईंनी हातानं चिठ्ठी लिहिली, औषधाच्या दुकानदाराला स्वतः फोन केला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, व्यायाम सुरू झाला. फरक पडला, पण थोडा. पूर ओसरला नाही. त्यात राहायचं कसं, एवढं तिघं मिळून शिकू लागले.

चेलूची पट्टी शलाकानं काढली नाही. दाढ येऊन गेल्यावर, एका बऱ्या दिवशी, तिनं नवी लावली. तिचा स्वभाव काही एका दुपारीत बदलणारा नव्हता. मात्र रोज संध्याकाळी, जेवणाच्या आधी, हेडफोन काढून ती ताईंच्या खोलीच्या दारात उभी राहायची.

"आज काय राहिलं?"

"वेणी."

"आणि?"

"कपाटातली वरची चादर. आणि त्या जोशीणबाईंना फोन. त्यांच्याशी भांडायचं राहिलंय."

"वेणी मी घालते. भांडण तुमचं तुम्ही बघा."

एकदा अक्काताईंचा फोन आला. बोलता बोलता शलाकानं विचारलं, "अक्का, आज तुमचं काय राहिलं?" त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग त्या म्हातारीनं गुडघ्यांची सगळी हकीकत सांगितली. संपायला अर्धा तास लागला.

त्या रविवारी शलाकानं इमारतीच्या ग्रुपवर, ताईंच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर आणि जाण वापरणाऱ्या पालकांच्या भल्यामोठ्या ग्रुपवर एक मजकूर टाकला. तक्रार विभागात काम करताना ती दिवसभर दुसऱ्यांनी लिहून दिलेली वाक्यं वाचायची. ही तिची स्वतःची होती:

"तुमच्या फोनवर एखादा हिरवा ठिपका असेल. आईचा, दिराचा, शेजारच्या काकूंचा, जुन्या मैत्रिणीचा. ती माणसं पूर्वी कधीतरी 'दुखतंय' म्हणायची आणि आता म्हणत नसतील. त्यांना बरं वाटतंय, असं तुम्ही धरून चालला असाल. मीही तसंच धरून चालले होते. त्या ठिपक्याचं शून्य पुरात रंगवलेलं असू शकतं. हे वाचून झालं की फोन खाली ठेवा आणि त्यांच्याकडे जा. लांब असतील तर फोन लावा, आणि उचलला नाही तर कुणाला तरी जिना चढून वर पाठवा. 'बरं आहे ना' असं विचारू नका, त्याला 'हो' हेच उत्तर असतं. 'आज काय राहिलं?' असं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा."